जाणाऱ्याची शेवटची पाळी

"आणि त्यांची खाट कुठे टाकायची? माझ्या डोक्यावर?"

"छोट्या खोलीत. तुमचा कॉम्प्युटर बाहेर येईल."

"कॉम्प्युटर बाहेर येणार नाही."

"मग राहू दे तिथेच. आई भिंतीकडे तोंड करून झोपेल. तिचं काही म्हणणं नसतं."

"तुझ्या आईला मुलगाही आहे."

"त्याच्याकडे दोन खोल्या आहेत आणि बायको आहे."

"बायको इथेही आहे, तीच तर अडचण आहे," मुलगी म्हणाली. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आईबापांचं भांडण जेवताना लावलेल्या रेडिओसारखं ऐकायची.

बापाने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने तोंडातला घास शांतपणे चावून संपवला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "नाही म्हणजे नाही. विषय संपला."

विषय गेले कित्येक दिवस रोज असाच संपत होता. बायकोची आई न्हाणीघरात पडली होती. हाड जुळलं, पण वॉकरशिवाय चालता येत नव्हतं, आणि ती राहायची तिसऱ्या मजल्यावर, एकटी. भावाने शहराबाहेर, हमरस्त्याला लागून असलेला एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. महिनाअखेरपर्यंत तिथला एक पलंग अडवून ठेवलेला होता. तोवर बायकोने आईला आपल्या घरी आणलं तर आणलं, नाही तर आई त्या पलंगावर जाणार होती.

रोज विषय संपला की बायको ताटं उचलायची. त्या दिवशी तिने उचलली नाहीत.

"तिथे, तुमच्या खेळात, बरं दार उघडलंत," ती म्हणाली. "ज्या नगरात एका म्हातारीपुरती ऊब नाही, त्या नगराच्या भिंती राखायच्या कशाला? कुणी लिहिलंय हे? बर्फात उभ्या असलेल्या म्हातारीला आत घेताना?"

त्याचा हात ताटावरच थांबला.

"हे तू कुठे वाचलंस?"

"मी कशाला वाचू? मलाच लिहिलंय तुम्ही ते. तुमची पाहुणी म्हणजे मी."

मुलीने खुर्ची मागे सरकवली आणि हात धुवायला गेली. हात धुवायला तिला एरवी एवढा वेळ लागत नसे.

तो कवळ्या करायचा. दातांच्या एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात त्याची लॅब होती. वरून डॉक्टर लोक जबड्यांचे ठसे पाठवायचे. तो त्यांत प्लॅस्टर ओतायचा, गुलाबी मेणावर एकेक दात बसवायचा, मग मेण वितळवून त्याच्या जागी अॅक्रिलिक भरायचा, आणि शेवटी पॉलिशच्या मोटरवर कवळी घासायचा. गुलाबी भुकटी त्याच्या भुवयांत बसलेली असायची. इतक्या वर्षांत त्याने हजारो तोंडांचे दात केले, पण त्यातलं एकही तोंड त्याच्याशी कधी बोललं नव्हतं. बोलायचे ते डॉक्टर, तेही भिंतीवरच्या फोनवरून. खालचे पुढचे दात परत लावा, उद्या हवेत. दोन वेगळ्या माणसांशी बोलावं तसं ते कधी चढ्या तर कधी खालच्या आवाजात बोलायचे, आणि तो दोन्ही वेळा "हो सर" म्हणायचा.

संध्याकाळी घरी आला की तो छोट्या खोलीत जायचा. तिथे तो किल्लेदार होता.

कॉम्प्युटरवर तो एक ऑनलाइन खेळ खेळायचा, लिहून खेळायचा. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र. आपली पाळी आली की आपल्या पात्राने काय केलं, काय म्हटलं, ते लिहायचं. मग पुढच्याची पाळी. असं करत त्यांनी एक नगर उभं केलं होतं. त्याला तट होता, बाजार होता, वैद्य होता, मीठ विकणारी होती, आणि तटाबाहेर दोन हिवाळे तळ ठोकून बसलेली उत्तरेकडची टोळी होती. तो या खेळाचा सूत्रधार. नगर त्याने पहिल्या विटेपासून रचलं होतं आणि खेळाचे नियमही त्यानेच लिहिले होते.

नियम सभ्यतेचे होते. दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही. मी तलवार उगारली, असं लिहायचं. तो घाबरला, असं लिहायचं नाही. घाबरायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. कुणाच्याही पात्राला त्याच्या संमतीशिवाय मारायचं नाही. बाहेरचं भांडण आत आणायचं नाही. हरलात तर नीट हरा, हरण्यातही समोरच्याला रंगत येईल असं लिहा. आणि शेवटचा नियम जाणाऱ्याच्या पाळीचा. कुणी खेळ सोडून चाललं की त्याला एक शेवटची पाळी मिळायची, आणि त्या पाळीत लिहिलेलं कुणीही पुसायचं नाही. पूर्वी एक खेळाडू रुसून गेला तेव्हा मागे राहिलेल्यांनी त्याच्या पात्राला दारुडा करून गटारात लोळवलं होतं. किल्लेदाराला ते फार लागलं. जो उत्तर द्यायला हजर नाही त्याच्या तोंडात शब्द घालणं याच्याइतकं हलकं काम नाही, असं त्याने तेव्हा लिहिलं होतं.

घरात मात्र बायकोचं पात्र तोच हलवायचा. पाहुण्यांनी मिठाईचं ताट पुढे केलं की तो म्हणायचा, "हिला गोड आवडत नाही." तिला आवडायचं. दुकानात तो म्हणायचा, "हिला निळा चालेल." डॉक्टरांनी तिला विचारलं कुठे दुखतं, तर हा सांगायचा, पाठीत. ती झेरॉक्सच्या दुकानात काम करायची, दिवसभर उभी असायची, आणि दुखायचं टाचेत. एकदा ती सिनेमा बघत असताना त्याने टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "तुला झोप आली आहे." सिनेमा कसा संपतो ते तिला पुढे दुकानातल्या पोराकडून कळलं.

हा खोलीत बसून करतो काय, असं तिच्या मनात यायचंच. दुसरी बाई असेल असं तिला वाटत होतं. शेवटी एका दुपारी तिने मुलीला विचारलं. मुलगी हसली.

"बाबा? बाई? अगं आई, बाईला उत्तरं द्यावी लागतात."

मग मुलीने तिला फोनवर तो खेळ उघडून दिला. बाहेरच्या कुणालाही वाचता येत होता. बायकोने दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, नवऱ्याचं सगळं लिखाण वाचून काढलं. बाई सापडली असती तर तिला पुढचं ठाऊक होतं: रडायचं, भावाला बोलवायचं. सापडला तो एक सभ्य माणूस. कुणा नवख्याने एका पाळीत नगराचे सगळे पहारेकरी कापून टाकले, तर या माणसाने त्याला किती सांभाळून समजावलं होतं. आपली हरकत नसेल तर. आपल्या पात्राच्या घोड्याला माझ्या बाणाने किंचित जखम झाली तर चालेल का. परवानगी घोड्यासाठी. तिने ते वाक्य तीनदा वाचलं आणि एका विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टची पानं उलटी लावली.

आई पडली आणि घरात विषय संपायला लागला, तेव्हा तिने मुलीकडून खातं उघडून घेतलं.

"नाव काय घालू?"

"पाहुणी."

"आणि तू कोण? राणी की चेटकीण?"

"म्हातारी. जिला चालता येत नाही."

मुलीने तिच्याकडे पाहिलं, पण खातं उघडून दिलं. "बाबांना कळलं तर माझं नाव घ्यायचं नाही," ती म्हणाली. "मी या घरात फक्त जेवते."

बायकोचा हिशेब भोळा होता. घरात ज्याला सांगून पटत नाही त्याला तिथे सांगावं. तिथला माणूस ऐकून घेतो. काठी टेकत एक म्हातारी नगराच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. किल्लेदाराने स्वतः खाली उतरून तिला आत घेतलं. तिच्यासाठी शेगडीजवळची खोली रिकामी केली. ती खोली किल्लेदाराच्या स्वतःच्या बसण्याची होती. खालच्या डाव्या बाजूला कवळी टोचते, असं म्हातारीने एका पाळीत म्हटलं, तर त्याने अख्खी पाळी त्यावर लिहिली: कवळी हातात कशी घेतली, टोचणारी कड बोटाच्या पेराने कशी शोधली, बारीक कानशीने किती हलक्या हाताने घासली, आणि म्हातारीला दोनदा विचारलं, आता? वैद्याचं पात्र खेळणाऱ्याने लिहिलं की असं वाचून डोळे भरून आले.

बायकोच्या आईची कवळी त्यानेच केली होती. खाली डावीकडे ती टोचायची. सासूने त्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तोंडाला सवय होईल. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, वयाने हिरड्या झिजतात. तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही. ती भात मऊ करून डाव्या बाजूला न लावता गिळायची.

तर पाहुणी म्हणजे आपली बायको, हे त्या संध्याकाळी ताटावर कळल्यावर तो ओरडला नाही. उठून छोट्या खोलीत गेला. बायकोला वाटलं, लाजला असेल. ती तशीच बसून राहिली, तो बाहेर येईल आणि काहीतरी बोलेल म्हणून.

तो आत पंचांना लिहीत होता. खेळात तीन जुन्या खेळाडूंचं पंचमंडळ होतं. त्याने लिहिलं की, पाहुणी हे खातं आपल्या घरातल्या व्यक्तीचं निघालं आहे, बाहेरचा वाद आत आणण्यासाठी ते उघडलं गेलं, आणि आपण स्वतः या प्रकरणात गुंतलेलो असल्यामुळे निवाड्यात भाग घेणार नाही. पंच ठरवतील ते आपल्याला मान्य असेल. पंचांनी त्याच्या या वागण्याचं कौतुक केलं.

बायकोनेही लिहिलं. तिने आईचं सगळं लिहिलं, न्हाणीघर, वॉकर, हमरस्त्यालगतचा पलंग. कवळीचंही लिहिलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, ती दुकानात असताना.

"आपली परिस्थिती वाचून वाईट वाटलं. आपल्या मातोश्रींना लवकर आराम पडो. मात्र बाहेरचे विषय मंडळाच्या कक्षेत येत नाहीत. आपण नियम मोडला आहे, त्यामुळे आपल्याला खेळ सोडावा लागेल. प्रथेप्रमाणे आपल्याला एक शेवटची पाळी आहे. आपल्या पात्राचा शेवट कसा व्हावा हे पूर्णपणे आपल्या इच्छेवर आहे."

संध्याकाळी नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला.

"पाळी कधी लिहितेस? लोक खोळंबलेत."

"काय लिहू?"

"म्हातारी झोपेत गेली, असं लिही. ते बरं दिसतं. मी मागून दोन ओळी घालीन, तिची चिता आम्ही तटावर रचली, वगैरे."

ती पोळी लाटत होती. तिने ती तव्यावर टाकली, भाजली, उतरवली.

"माझी आई झोपेत गेली, असं लिहू."

"तुझी आई नाही. पात्र."

पात्राला त्यानेच एक किल्ली दिली होती. नगराच्या मागच्या लहान दाराची. म्हातारीला कुणाची परवानगी न मागता उन्हात जाऊन बसता यावं म्हणून, असं त्या पाळीत लिहिलं होतं, आणि तेही सगळ्यांना फार आवडलं होतं.

बायकोने पाळी दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिली, झेरॉक्स मशीनच्या मागे, स्टुलावर बसून. मोठी नव्हती. म्हातारी उठली. तिने काठी घेतली. मागच्या लहान दारापर्यंत गेली. किल्ली लावली, दार उघडलं, दाराशी दिवा ठेवला, आणि बाजूला झाली.

तिने कुणाचं पात्र हलवलं नव्हतं. कुणाला मारलं नव्हतं. आत यायचं की नाही हे टोळीच्या नायकाने ठरवायचं होतं, आणि टोळीचा नायक खेळणारा माणूस दोन हिवाळे तटाबाहेर शेकोट्या पेटवून कंटाळला होता. त्याने तासाभरात पाळी लिहिली. टोळी आत आली. बाजार पेटला, धान्याचं कोठार पेटलं, वैद्याचं घर पेटलं. वैद्याने स्वतःचं घर जळताना इतकं सुरेख लिहिलं की मीठवालीने आपलं दुकानही पेटवून घेतलं. इतक्या दिवसांत खेळाला अशी रंगत आली नव्हती. पाहुणीने काय चाल केली, असं जो तो म्हणत होता.

नवरा लॅबमधून आला आणि छोट्या खोलीत गेला. थोड्या वेळाने बाहेर आला तो भिंतीला हात लावत. बायकोने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. तिला आत कुठेतरी बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे तिने स्वतःपासून लपवलं नाही.

तो तिच्या समोर बसला. "तुझी हरकत नसेल तर," तो म्हणाला, आणि घसा खाकरला. "तुझी हरकत नसेल तर एक दुरुस्ती लिहिशील का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. हे शब्द तिला पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात ऐकू आले.

"कसली दुरुस्ती?"

"म्हातारीला ते स्वप्न पडलं, असं. दार उघडलंच नाही. सगळं स्वप्न."

"आणि आई?"

त्याने टेबलावरचा एक डाग बोटाने पुसला. "नगर परत उभं राहिलं तर आईंना आण."

"छोट्या खोलीत."

"छोट्या खोलीत."

"कॉम्प्युटर?"

"हॉलमध्ये घेऊ."

मुलगी दारात उभी होती. "बाबा, लिहून घेऊ का हे?" ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

बायकोने त्याच्या शेजारी बसून दुरुस्ती लिहिली. त्याने एक शब्द सुचवला, तिने तो घातला. पाठवल्यावर तिने लगेच आईला फोन लावला. म्हाताऱ्या माणसाला तयारीला वेळ लागतो, असा तिने विचार केला. आईने दोनदा विचारलं, "जावईबापू हो म्हणाले? स्वतःहून?" मग म्हणाली, तो मनाने वाईट नाहीच, कामाने थकतो बिचारा. शेजारणीला हाक मारून तिने कपाटावरची बॅग खाली काढून घेतली, ते फोनवर ऐकू आलं. भावालाही बायकोने कळवलं. भाऊ म्हणाला, बरं झालं बाई, आणि त्याच्या आवाजात इतका मोकळा श्वास होता की तिला त्याचा राग आला.

पंचांचं उत्तर दुसऱ्या संध्याकाळी आलं. नवऱ्याने ते छोट्या खोलीत एकट्याने वाचलं, मग बायकोला बोलावून कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला.

"पाहुणी यांची दुरुस्ती मिळाली. ती स्वीकारता येत नाही याचा खेद वाटतो. जाणाऱ्याची शेवटची पाळी कुणीही पुसू शकत नाही, आणि 'कुणीही' यात स्वतः जाणाराही येतो. हा नियम आमच्या सूत्रधारांनीच केला आहे आणि या खेळाची शान त्यामुळेच आहे. किल्लेदार आम्हाला यातही आदर्श घालून देतील याची खात्री आहे."

खाली खेळाडूंनी लिहिलं होतं. काय शेवट. दहा वर्षं खेळेन पण असा पाहणार नाही. किल्लेदार, तुम्ही कसे हरता हे बघायला आम्ही सगळे थांबलोय.

"आता?" बायको म्हणाली.

"थांब," तो म्हणाला. "मला पाळी लिहायची आहे."

त्याने ती मन लावून लिहिली. किल्लेदार जळत्या तटावर चढला. टोळीच्या नायकासमोर त्याने तलवार खाली ठेवली आणि म्हणाला, तुम्ही धीर धरलात, तुमचा विजय खरा आहे. मग त्याने मागच्या दाराशी जाऊन म्हातारीने ठेवलेला दिवा उचलला आणि तिच्या खांद्यावर आपली शाल घातली. तू उघडलंस ते दार मी तुला दिलं होतं, तो तिला म्हणाला. माझ्या मनात तुझ्याविषयी राग नाही. खाली, खेळाच्या बाहेर, त्याने सगळ्यांचे आभार मानले. इतकं सुंदर हरण्याची संधी दिल्याबद्दल मी पाहुणीचा विशेष ऋणी आहे, असं लिहिलं, आणि सूत्रं वैद्यांच्या हाती सोपवली.

बायको त्याच्या खांद्यामागून वाचत होती. वाचताना तिला खरंच वाटलं की झालं, निभावलं. ज्या माणसाने हे लिहिलं त्याला आईचं ओझं होणार नाही. टाळ्यांचे निरोप एकापाठोपाठ एक येत होते. त्याने ते सगळे वाचले, एकेकाला धन्यवाद लिहिले, आणि कॉम्प्युटर बंद केला.

ती पानं घ्यायला गेली. मुलगी फोन घेऊन आली.

"आजी विचारतेय, उशी आणू का तिची. म्हणते तुमच्या उशा उंच असतात."

"आण म्हणावं," बायको म्हणाली.

नवरा हात धुऊन येऊन बसला. त्याचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता. भुवईत थोडी गुलाबी भुकटी होती.

"आपलं ठरलं होतं ते नगराच्या बदल्यात," तो म्हणाला. "नगर उभं राहिलं नाही."

"मी लिहिलं ना. तुमच्या शेजारी बसून लिहिलं. त्यांनी मानलं नाही, त्याला मी काय करू?"

"नियम आहे."

"तुमचाच नियम."

"म्हणून तर तो मला मोडता येत नाही."

"बाबा, आजीने बॅग भरलीय," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात या वेळी रेडिओ नव्हता. फोन तिच्या हातात तसाच चालू होता, आणि पलीकडून आजी काहीतरी विचारत होती.

बायको म्हणाली, "तिला सांगू काय मी? काय सांगू?"

त्याने आमटी वाढून घेतली आणि पातेलं जागेवर ठेवलं.

"सोमवारपासून मी लॅबचं काम घरी आणतोय," तो म्हणाला. "संध्याकाळी मला आता दुसरं काही नाही. छोट्या खोलीत टेबल आणि मोटर बसेल, खाटेला जागा उरणार नाही. तुझ्या भावाला सांग, तो पलंग घेऊन टाक म्हणावं."